पोटसंगणकाची प्राणप्रतिष्ठा

व्हर्च्युअल मशीन म्हणजे अस्तित्वात नसलेला संगणक. खऱ्या संगणकावर एक प्रोग्रॅम चालतो आणि तो दुसऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमला पटवून देतो की तिच्यासाठी स्वतंत्र प्रोसेसर, स्वतंत्र मेमरी, स्वतंत्र हार्ड डिस्क आणि झालेच तर एक फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा राखून ठेवला आहे. यातले काहीही तिचे नसते. आधीपासून घरात असलेली सिस्टिम ती होस्ट, म्हणजे यजमान. मागाहून आलेली ती गेस्ट, म्हणजे पाहुणी. मात्र आपण पाहुणी आहोत हे या पाहुणीला कळू द्यायचे नसते. घर आपल्याच नावावर आहे, अशी तिची समजूत शेवटपर्यंत टिकली पाहिजे. या एका थापेवर हे सगळे शास्त्र उभे आहे आणि ती पचवायची तर प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर द्यावे लागते. हे यंत्राला जमते. माणसाला दुसऱ्याच प्रश्नाला घाम फुटतो.

दुसऱ्या सिस्टिमची गरज कोणाला पडते? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकासाठी लिनक्स लागते आणि घरच्या लॅपटॉपवर विंडोज असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो दुसरीकडे कसा कोसळतो हे ग्राहकाच्या आधी पाहायचे असते. महाराष्ट्रातल्या कित्येक छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत पेजमेकरमधल्या जुन्या फायली आहेत. त्यांतली मराठी युनिकोडपूर्व फॉन्टांत बसवलेली आहे आणि या फायली जुन्या विंडोजवर जुन्या पद्धतीनेच सरळ उघडतात. नव्या संगणकावर उघडल्या तर लग्नपत्रिकेतली वधू रोमन अक्षरे आणि चिन्हांच्या गर्दीत हरवते. अशा ठिकाणी नव्या यंत्राच्या पोटात विंडोज एक्सपी जिवंत ठेवावी लागते. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची देखभाल थांबवली, पण लग्ने थांबली नाहीत. उरलेला वर्ग कुतूहलापोटी येणाऱ्यांचा. यांच्या लॅपटॉपमध्ये साधारण ८ जीबी मेमरी असते, ती ब्राउझरलाच पुरत नसते आणि त्यावर ते आणखी एक संपूर्ण संगणक चालवायला निघतात. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

दुसरा मार्ग ड्युअल बूटचा. त्यात डिस्कचे दोन भाग करून दोन्ही सिस्टिम खरोखरच बसवतात आणि संगणक सुरू करताना एक निवडतात. वेगाच्या दृष्टीने हा मार्ग उत्तम. परंतु भाग पाडताना चुकीच्या भागावर बोट पडले तर घरातली सर्व छायाचित्रे जातात आणि पुढचे संभाषण संगणकशास्त्राच्या कक्षेबाहेर जाते. व्हर्च्युअल मशीन हळू चालते, पण संसार मोडत नाही.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात ती आकाराला आली. तेव्हा संगणक खोलीएवढा होता आणि वापरणारे अनेक होते, म्हणून एकाच यंत्राचे अनेक भास तयार करून प्रत्येकाला एकेक दिला गेला. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. तिची थाप इतकी तपशीलवार होती की प्रत्येक वापरणाऱ्याला आभासी कार्ड रीडर आणि आभासी कार्ड पंचही मिळत असे. शेजारच्याला फाइल पाठवायची तर अस्तित्वात नसलेल्या कार्डांना अस्तित्वात नसलेली भोके पाडायची आणि ती कार्डे त्याच्या अस्तित्वात नसलेल्या रीडरमध्ये टाकायची. फाइल मात्र खरोखर पोचत असे. सरकारी कचेरीत हे नेमके उलटे होते.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी चांगल्या थापेची लक्षणे शास्त्रशुद्ध मांडली. पाहुणीला आतून सगळे खऱ्या यंत्रासारखेच दिसले पाहिजे. तिच्या बहुतेक आज्ञा मध्यस्थाशिवाय थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. आणि घराच्या किल्ल्या यजमानाच्या बाजूच्या नियंत्रकाकडेच राहिल्या पाहिजेत. या नियंत्रकाला हायपरव्हायजर म्हणतात. पाहुणीने किल्ल्यांना हात घातला की प्रोसेसरने तक्रार करावी, हायपरव्हायजरने धावत यावे, तिला हवे ते झाल्याचे भासवावे आणि निघून जावे, अशी ही योजना.

घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांनी या योजनेत खोडा घातला. त्यांच्या काही आज्ञा अशा होत्या की त्या किल्ल्यांना हात लावत, पण तक्रार करत नसत. उदाहरणार्थ, पाहुणी म्हणे की थोडा वेळ कोणीही मध्ये बोलू नये. प्रोसेसर ते ऐके, मानत नसे आणि मानले नाही हे सांगतही नसे. २००० साली जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियमच्या आज्ञा तपासल्या तेव्हा अशा १७ घुम्या आज्ञा निघाल्या. त्याआधीच, १९९९ मध्ये, व्हीएमवेअर या कंपनीने त्यांच्यावर उतारा काढून वर्कस्टेशन हे उत्पादन बाजारात आणले होते. पाहुणी बोलत असतानाच तिच्या वाक्यांतले धोक्याचे शब्द बदलायचे आणि बदललेले वाक्य प्रोसेसरला ऐकवायचे, असा तो उतारा. मध्यस्थी करणाऱ्या मावशा बैठकीत हेच करतात, फक्त त्यांना पेटंट मिळत नाही. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली. इंटेलच्या सोयीला व्हीटी-एक्स म्हणतात.

ही सोय प्रोसेसरमध्ये असते, तिचे पैसे घेतलेले असतात आणि बऱ्याच संगणकांत ती कारखान्यातूनच बंद करून पाठवलेली असते. त्यामुळे व्हर्च्युअल मशीन बसवण्याची पहिली पायरी म्हणजे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागे होणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरणे. त्यासाठी संगणक सुरू होताना एक विशिष्ट कळ दाबायची असते. ती कुठे एफ-टू, कुठे एफ-टेन, कुठे डिलीट आणि कुठे एस्केप असते. कळ दाबण्याचा मुहूर्त एक-दोन सेकंदांचा असतो. तो चुकला की विंडोज पूर्ण सुरू होते, शांतपणे अपडेट घेते आणि मग पुन्हा बंद करू देते. अनुभवी मंडळी यासाठी वरच्या रांगेतल्या सगळ्या कळांवरून पेटीवर फिरवावा तसा हात फिरवतात. आत गेल्यावर हवा तो पर्याय ॲडव्हान्स्डमध्ये, त्यातल्या सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये, किंवा सिक्युरिटीखाली, किंवा निर्मात्याला त्या दिवशी सुचले त्या ठिकाणी असतो. एएमडीच्या यंत्रांवर त्याचे नाव एसव्हीएम मोड असते. त्यात व्हर्च्युअल हा शब्द शोधणाऱ्याने शोधत राहावे. ॲपलच्या नव्या मॅकचा प्रोसेसर वेगळ्या कुळातला असल्याने इंटेलसाठी लिहिलेली सिस्टिम तिथे अशी थेट चालत नाही. प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करावे लागते आणि त्या गतीने विंडोज सुरू होईपर्यंत कुकरच्या सगळ्या शिट्ट्या होऊन जातात.

घरगुती वापरासाठी सर्वांत प्रचलित प्रोग्रॅम व्हर्च्युअलबॉक्स. इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ मध्ये तो मुक्तस्रोत स्वरूपात खुला केला. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने इनोटेक विकत घेतली आणि २०१० मध्ये ओरॅकलने सन. ज्या प्रोग्रॅमचे काम इतरांना घर देण्याचे, त्याने स्वतः तीन घरे पाहिली. व्हीएमवेअरचे वर्कस्टेशन प्रो पूर्वी विकत घ्यावे लागे. २०२४ मध्ये तेही फुकट झाले. लिनक्सवाल्यांकडे २००७ पासून सिस्टिमच्या गाभ्यातच केव्हीएम नावाची हीच सोय असते. ते सेटिंगच्या खिडक्या न उघडता काळ्या पडद्यावर चार ओळी टंकून मशीन उभे करतात आणि ते कोणी पाहिले की नाही याची खात्री करून घेतात.

विंडोजच्या पोटात मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपर-व्ही असतो. कोणीतरी केव्हातरी सुरक्षेचा किंवा लिनक्सचा एखादा पर्याय चालू केलेला असला, की तो जागा होतो आणि व्हीटी-एक्सच्या किल्ल्या घेऊन बसतो. व्हर्च्युअलबॉक्सला मग त्याच्यामार्फत काम करावे लागते आणि खिडकीच्या तळाशी एक हिरवे कासव दिसू लागते. हे कासव सजावटीसाठी नाही. काम आता कोणत्या गतीने होणार याची ती अधिकृत सूचना आहे. संगणकक्षेत्रात इतका प्रांजळ संदेश क्वचितच आढळतो.

यानंतर मशीन ‘निर्माण’ करायचे. नाव द्यायचे, सिस्टिम निवडायची आणि मेमरी किती ते पट्टी सरकवून ठरवायचे. पट्टीचा हिरवा भाग सुरक्षित, तांबडा भाग धोक्याचा. उबुंटू या लिनक्सच्या २४.०४ या आवृत्तीला ४ जीबी मेमरी आणि २५ जीबी डिस्क लागते. ८ जीबीच्या लॅपटॉपमधून ४ जीबी पाहुणीला दिले तर उरलेल्या ४ मध्ये विंडोज, अँटिव्हायरस आणि ही सगळी कृती शिकवणारा व्हिडिओ यांनी भागवायचे असते. बाकी सर्व बाबतींत थाप चालते, मेमरीच्या बाबतीत चालत नाही. पाहुणीने वापरलेला जीबी खरा जातो. होस्ट गुदमरला की गेस्टही गुदमरते, आणि दोघांच्या खिडक्या पांढऱ्या पडून माणसाकडे पाहत राहतात. प्रोसेसरचे एक-दोन गाभे द्यावेत. आठांपैकी आठही देणारे दानशूर लोक असतात. त्यांचा माउस नंतर पाच मिनिटांनी पोचतो.

डिस्कच्या बाबतीत थापेला पुन्हा बहर येतो. पाहुणीला २५ जीबीची डिस्क दाखवली जाते. प्रत्यक्षात ती होस्टवरची एक फाइल असते आणि सुरुवातीला तिचा आकार अगदी नगण्य असतो. पाहुणी सामान आणेल तशी ती फुगते. ‘डायनॅमिकली ॲलोकेटेड’ असे याचे भारदस्त नाव आहे. बिल्डर यालाच बुकिंग म्हणतात. गोम अशी की पाहुणीने सामान टाकून दिले तरी फाइल आपोआप आकसत नाही. रिकामी झालेली जागा आधी आतून शून्यांनी भरावी लागते, मग बाहेरून आज्ञा देऊन ती दाबावी लागते. वाढलेले पोट केवळ जेवण सोडून कमी होत नाही, हे इथेही खरे.

उरलेले सामान पाहुणीला विचारून दिले जात नाही. व्हर्च्युअलबॉक्स वर्षानुवर्षे तिला पीआयआयएक्स-३ या नावाच्या चिपसेटचा मदरबोर्ड दाखवत आले आहे. हा चिपसेट १९९६ च्या सुमाराचा. कारण सरळ आहे: त्या काळचे सामान प्रत्येक सिस्टिमला ओळखता येते, ड्रायव्हरची भानगड नाही. म्हणून लाखभराच्या नव्या लॅपटॉपवर बसूनही पाहुणीचा समज असा असतो की आपण पेंटियमच्या जमान्यातल्या डब्यावर राहतो आणि हा डबा आश्चर्यकारक वेगाने चालतो. असे समाधान खरा लॅपटॉप घेणाऱ्याला पहिल्या हप्त्यानंतर मिळत नाही.

मग उबुंटूची आयएसओ फाइल, म्हणजे स्थापनेच्या सीडीची एका फाइलमधली प्रत, आभासी सीडी ड्राइव्हमध्ये घालायची. जी फाइल सीडीवर कधीच मावली नसती, ती अस्तित्वात नसलेल्या ड्राइव्हमध्ये घातली जाते आणि मशीन सुरू केले जाते. स्थापनेच्या मध्यावर एक पडदा येतो. त्यावर ‘डिस्क पुसा आणि उबुंटू बसवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. इथे भल्याभल्यांचे हात थरथरतात. पुसली जाणार आहे ती केवळ ती फुगणारी फाइल, हे बुद्धीला पटलेले असते, पण छायाचित्रे, आयकर विवरणपत्रे आणि मुलीच्या प्रकल्पाचा अंतिम मसुदा त्याच लॅपटॉपवर असतो. लोक या पडद्यापाशी थांबतात, पाणी पितात, पेन ड्राइव्ह शोधतात. शेवटी बटण दाबले जाते आणि काहीही वाईट होत नाही. व्हर्च्युअल मशीनचे खरे मोल या एका क्षणात आहे: इथे सर्वनाशाचे बटण निर्धास्त दाबता येते. ही चटक लागलेले लोक नंतर खऱ्या संगणकावरही ते तितक्याच सहज दाबतात.

घाई असलेल्यांसाठी व्हर्च्युअलबॉक्सने ‘अनअटेंडेड’ स्थापनेची सोय केली आहे. यात कोणीही काही विचारत नाही. पाहुणी स्वतःच सामान लावून बसते. परत येऊन पाहावे तर वापरकर्त्याचे नाव ‘व्हीबॉक्सयूझर’ आणि पासवर्ड ‘चेंजमी’ ठरलेला असतो. सात नंबरच्या आवृत्तीत उबुंटू बसवणाऱ्या अनेकांना पुढे असेही आढळले की या वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकारच नाहीत. स्वतः निर्माण केलेल्या संगणकात, स्वतःच्या घरात, साधे अपडेट करायला गेले की उत्तर येते: तुमचे नाव यादीत नाही, या घटनेची नोंद वरिष्ठांकडे केली जाईल. वरिष्ठ म्हणजे या संगणकाचा प्रशासक, म्हणजे तक्रार झाली तोच माणूस. हे टाळायचे तर सुरुवातीलाच अनअटेंडेडचा पर्याय नाकारावा. तो लहान अक्षरांत असतो.

पाहुणी स्थिरावली की तिची खिडकी पोस्टकार्डाएवढी दिसते, आणि माउस एकदा तिच्यात शिरला की बाहेर येत नाही. सुटकेसाठी ठरलेली कळ म्हणजे उजवीकडचे कंट्रोल. २०२४ पासून निघालेल्या अनेक लॅपटॉपांवर नेमक्या त्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेची कळ आली आहे. त्यामुळे माउस अडकलेला माणूस सुटकेची कळ दाबतो तेव्हा एक सहायक उगवून आपली काय मदत होऊ शकेल अशी चौकशी करतो. सेटिंगमध्ये ही कळ बदलता येते, पण तिथे जायला माउस लागतो.

या दोन्ही दुखण्यांवर औषध ‘गेस्ट ॲडिशन्स’. हा पाहुणीच्या आत बसवायचा ड्रायव्हरांचा संच. त्यामुळे पडदा पूर्ण होतो, माउस मोकळा फिरतो, एकीकडे कॉपी केलेले दुसरीकडे पेस्ट होते आणि सामायिक फोल्डर मिळतो. परंतु हा संच लिनक्सच्या गाभ्याला जोडायचा असल्याने आधी जीसीसी, मेक आणि गाभ्याच्या हेडर फायली लागतात. सामायिक फोल्डर दिसतो, पण उघडत नाही. त्यासाठी वापरकर्त्याला ‘व्हीबॉक्सएसएफ’ नावाच्या गटात घालावे लागते आणि गटात घातल्यावर बाहेर जाऊन पुन्हा आत यावे लागते. क्लिपबोर्डही मुळात बंदच असतो. तो एका दिशेने उघडावा की दोन्ही, असे विचारले जाते. सर्व लोक दोन्ही म्हणतात. एकाच दिशेचा पर्याय ज्याच्यासाठी ठेवला आहे तो सावध गृहस्थ कुठेतरी असणारच.

नेटवर्क मात्र बिनतक्रार चालते. नॅट पद्धतीत पाहुणी यजमानाच्या आडून बाहेर जाते. बाहेरच्याला तिच्यापर्यंत येता येत नाही. तिचा पत्ता नेहमी १०.०.२.१५. व्हर्च्युअलबॉक्समधली अशी जवळजवळ प्रत्येक पाहुणी, मग ती नागपुरात असो की न्यू जर्सीत, याच पत्त्यावर राहते आणि तो फक्त आपलाच आहे असे मानते. ब्रिज पद्धतीत तिला घरच्या राउटरकडून स्वतंत्र पत्ता मिळतो. मग घरात कोणाचा कोणता नवा यंत्रसंच आला, असे वाय-फायचे बिल भरणारे विचारतात. छापखान्यातल्या एक्सपीला मात्र नेटवर्क देऊच नये. फायली सामायिक फोल्डरमधून द्याव्यात आणि जुन्या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागत असेल तर यूएसबीतून तेवढे पोचते करावे. देखभाल थांबलेली सिस्टिम इंटरनेटवर फार दिवस निर्व्यसनी राहत नाही.

स्नॅपशॉट ही व्हर्च्युअल मशीनची सर्वांत मोहक सोय. चालू स्थितीची नोंद घेऊन ठेवायची, मग हवे ते प्रयोग करायचे आणि बिघडले की एका क्लिकवर मागे जायचे. ही सोय आयुष्यात नाही म्हणून लोक ती इथे मनसोक्त वापरतात. ‘स्वच्छ’, ‘स्वच्छ २’, ‘चालतोय’, ‘चालतोय हात लावू नका’ अशी वंशावळ तयार होते. प्रत्येक स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये जातात, त्यामुळे डिस्क भरत जाते आणि मधला एखादा पुसायला गेले की तो बराच वेळ आजूबाजूच्यांत विलीन होत बसतो.

एवढा खटाटोप करून थाप टिकते का? खरे तर टिकत नाही. आजच्या सिस्टिमने प्रोसेसरची चौकशी केली की त्यातला एक बिटच सांगतो की मध्ये हायपरव्हायजर आहे. लिनक्समध्ये त्यासाठी खास आज्ञा आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या आत ती सरळ ‘ओरॅकल’ असे उत्तर देते. म्हणजे पाहुणीला सगळे ठाऊक असते. ती घरमालकिणीच्या ऐटीत वावरते ती केवळ रीत म्हणून. काही व्हायरस आधी हीच चौकशी करतात. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत, म्हणजे कोणीतरी आपला अभ्यास करत असणार, हे ओळखून ते तपासणीस आलेल्या वर्गातल्या मुलांसारखे गप्प बसतात.

भिंतीही अभेद्य नाहीत. २०१५ च्या मे महिन्यात क्यूएमू या प्रणालीत ‘व्हेनम’ नावाचे भोक सापडले. त्यातून पाहुणीला यजमानाच्या घरात शिरणे शक्य होते. भोक होते आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या नियंत्रकात. तो कोड २००४ पासून तिथे होता. जगातून फ्लॉपी हद्दपार झाली, तरी अस्तित्वात नसलेल्या ड्राइव्हचे दार अकरा वर्षे उघडे होते आणि ते बंद करण्यासाठी जगभरच्या सर्व्हरवाल्यांनी रात्री जागवल्या.

सर्व्हरवाल्यांचा उल्लेख अटळ आहे, कारण क्लाउड म्हणून जे विकले जाते त्याच्या तळाशी बहुतांशी हीच पाहुणचाराची व्यवस्था असते, फक्त तासावर भाडे लावून. ॲमेझॉनने २००६ मध्ये अशी मशीने भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यात आणि मुंबईत, तर २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपली केंद्रे उघडली. मुंबईत जागा भाड्याने देताना अनामत, करारनामा आणि शाकाहाराची चौकशी होत नाही असा हा एकमेव व्यवहार असावा.

घरगुती मशीनचा शेवट साधा असतो. सुरुवातीचा आठवडा पाहुणीत रोज डोकावले जाते, तिचा वॉलपेपर बदलला जातो. मग परीक्षा होते किंवा उत्साह संपतो. काही महिन्यांनी तिला उघडले की ती शेकडो अपडेट मागते आणि माणूस तिला बंद करतो. होस्टच्या डिस्कवरची जागा संपली असा इशारा आला की मग यादीतल्या नावावर उजवी क्लिक करून ‘रिमूव्ह’ निवडले जाते. इथे दोन पर्याय येतात: फायलींसह काढायचे, की केवळ यादीतून. घाबरट आणि सुसंस्कृत माणूस दुसरा निवडतो. मशीन यादीतून नाहीसे होते, जागेचा इशारा तसाच राहतो आणि ती २० जीबीची फाइल यूझरच्या फोल्डरमध्ये आत कुठेतरी, कोणत्याही यादीत नाव नसताना, मुक्कामाला असते.